पेटीत दोनच चकत्या

भिंगरीच्या प्रयोगवहीचं अकरावं पान लाल झालं होतं. साधी फुली असती तर ती एवढी पेटली नसती. फुल्यांची तिला सवय होती. पण ही पट्टी ठेवून ओढलेली रेघ होती, वरच्या डाव्या कोपऱ्यातून थेट खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत, आणि रेघेला चिकटून टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘निरीक्षण खोटे. मनाने लिहिले आहे. सोमवारी माफीपत्र आणणे, पालकांच्या सहीसह. अन्यथा प्रयोगशाळेत प्रवेश नाही.’

खोटे!

अक्षर घाण म्हणा, समासात चित्रं काढते म्हणा, वेळेवर वही देत नाही म्हणा, ते सगळं तिने मान खाली घालून ऐकलं असतं, कारण ते सगळं होतंच. पण अख्ख्या वहीत जी एक गोष्ट तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघून, पुन्हापुन्हा बघून लिहिली होती, नेमकी तीच खोटी? तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तिची वाटेत कुठे थांबलीसुद्धा नाही.

हजेरीपटावर तिचं वेगळं नाव होतं, पण घरीदारी सगळे भिंगरीच म्हणत. ती एका जागी दोन मिनिटं बसली तर माणसं ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून बघत. त्या शुक्रवारी शेवटच्या तासाला ती बाकावरून उठून बाईंच्या टेबलापाशी कधी पोहोचली ते तिलाही कळलं नाही.

“बाई, हे खोटं नाहीये.”

विज्ञानाच्या बाई वह्यांच्या गठ्ठ्याला दोरी बांधत होत्या. “सोमवारी बोलू.”

“पण मी पाहिलंय!”

“काय पाहिलंस?” बाईंनी गाठ मारली आणि वर बघितलं. “दोन काचांनी अडवलेला उजेड तिसरी काच घातल्यावर परत आला, हे? अगं, खिडकीला दोन पडदे असताना तिसरा लावला तर खोली उजळते का?”

मागे तीन-चार मुली फिसकन हसल्या.

आता प्रयोग काय होता ते आधी सांगायला हवं, नाहीतर भिंगरीचा राग कुणाला कळायचा नाही. दिव्यासमोर दोन चकत्या एकामागे एक लावायच्या. दिसायला साध्या करड्या चकत्या, पण प्रत्येकीला एक दिशा असते. दोघींची दिशा एक केली की उजेड आरपार जातो. एक उभी आणि एक आडवी केली की उजेड जवळजवळ संपतो. पलीकडे उजेड मोजायचं एक छोटं यंत्र. चकती फिरवा, आकडा वाचा, वहीत लिहा. भिंगरीने फिरवली, वाचलं, लिहिलं. दोन्ही उभ्या: २४०. एक उभी, एक आडवी: २. तिथे प्रयोग संपला होता. पण हिचे हात थांबतात थोडेच! तिने त्या दोघींच्या मधोमध तिसरी काच तिरकी धरली, आणि यंत्राने ३८ दाखवले. काढली, २. धरली, ३८. तिला वाटलं यंत्र बिघडलं. यंत्रावर टिचकी मारली, फुंकर मारली, शेजारच्या मुलीचा रुमाल घेऊन पुसलं. अकरा वेळा केलं. अकराही वेळा तेच. मग तिने ते लिहिलं, खाली वाचनालयातल्या पुस्तकात सापडलेलं उजेडाच्या दाण्यांचं कारण लिहिलं, आणि आनंदाने तीन उद्गारचिन्हं दिली. ती तीन उद्गारचिन्हं तिला आता नडत होती, असं तिला वाटत होतं.

“बाई, एकदा करून बघा ना! आत्ता!”

“कशाने करू? पेटीत दोनच चकत्या आहेत. गेली आठ वर्षं दोनच आहेत. तुला तिसरी मिळाली कुठून?”

“मी आणली होती. आमच्या दुकानातून. गॉगलची काच.”

“म्हणजे परवानगीशिवाय बाहेरची वस्तू प्रयोगशाळेत आणलीस.” बाईंनी गठ्ठा उचलला. “माफीपत्रात तेही लिही.”

आणि खरी मिरची पुढेच होती. बाकीच्या एकोणचाळीस मुलींना पूर्ण गुण होते. एकोणचाळीस वह्या, एकच तक्ता, आकडा न् आकडा सारखा, आणि उभ्या-आडव्या चकत्यांपुढे सगळ्यांचं एकच निरीक्षण: शून्य. वर्गात गेल्या वर्षीची एक वही फिरत होती, तिच्यातून उतरवलेलं. पडदे ओढले तरी ते यंत्र शून्य दाखवत नाही! दाराच्या फटीतून येणारा उजेडसुद्धा ते मोजतं. बुधवारी पाळी असलेल्या निम्म्या वर्गाचा तर प्रयोग सुरू व्हायच्या आधीच दिवा गेला होता. त्यांनी दिव्याचा उजेड पाहिलाच नव्हता आणि त्यांना पूर्ण गुण होते. जिने पाहिला ती खोटी!

*

भिंगरीच्या बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. पुढे काचेचं कपाट आणि डोळे तपासायची खुर्ची, मागे काचा घासायचं चाक. पुढची बाजू आत्याची आणि मागची बाबांची. आत्या गिऱ्हाइकांना खुर्चीत बसवून समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि डोळ्यांपुढे काचा बदलत विचारायची, “ही बरी की ही?” बाबा मागे बसून काच घासायचे आणि फार बोलायचे नाहीत.

भिंगरीने दप्तर खुर्चीत फेकलं, वही काउंटरवर आपटली आणि एका श्वासात सगळं सांगितलं. पडद्यांपासून शून्यापर्यंत. बाबा हात पुसत पुढे आले. त्यांनी लाल रेघ बघितली, माफीपत्राचा मजकूर वाचला. बाईंनी तो तिला फळ्यावरून उतरवून घ्यायला लावला होता: ‘मी प्रयोग न करता खोटे निरीक्षण लिहिले. पुन्हा असे करणार नाही.’ बाबांनी शर्टाच्या खिशातलं पेन काढलं आणि खाली सही केली.

सरळ सही केली!

“बाबा!”

“मिटव हे. वर्ष वाया घालवू नकोस एका काचेपायी.”

“पण मी खोटं बोलले नाही!”

“मी कुठे म्हणतो खोटं बोललीस? चुकून काहीतरी दिसलं असेल.” बाबांनी पेनाला टोपण लावलं. “वीस वर्षं काच घासतोय मी. काच उजेड घेते, देत नाही. कितीही स्वच्छ असू दे, थोडा घेतेच. एक काच वाढली की उजेड कमी. यात बोलण्यासारखं काय आहे?”

भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं, पण पाण्यावर तसं लिहिलेलं नसतं. बाईंनी खोटं म्हटलं तर भांडता तरी आलं. बाबांनी सही केली, आता भांडायचं कुणाशी?

“दादा,” आत्या काउंटरवरचं पुसण्याचं फडकं घडी घालत म्हणाली, “गिऱ्हाईक येऊन म्हणालं मला दोन-दोन दिसतंय, तर तू काय करतोस? घरी पाठवतोस, की खुर्चीत बसवतोस?”

“खुर्चीत बसवतो.”

“मग पोरीला बसव की. आपलीच आहे, फुकट तपास.”

बाबांनी सुस्कारा टाकला. “दाखव.”

काउंटरखाली रद्दी काचांचा डबा होता. पोलराइज्ड गॉगलच्या फिकट करड्या काचा, कुठे ओरखडा, कुठे कड तुटलेली. शाळेच्या चकत्या आणि या काचा एकाच जातीच्या, हे भिंगरीला सुट्टीत कळलं होतं. कंटाळा आला म्हणून ती डब्यातल्या काचा एकमेकींवर फिरवत बसली होती तेव्हा. आता तिने तीन काढल्या. टेबलाचा दिवा लावला, एक काच उभी धरली, दुसरी तिच्यापुढे आडवी. दिवा विझल्यासारखा झाला.

“हे मला माहीत आहे,” बाबा म्हणाले. “गिऱ्हाइकाला खरी काच दाखवायला आम्ही हेच करतो.”

“आता मधली. आत्या, ही धर.”

आत्याने तिसरी काच मध्ये सरकवली.

“नीट धर,” बाबा सवयीने म्हणाले.

“नीटच आहे!” भिंगरी आत्याचं मनगट वळवत ओरडली.

आणि काळोखाच्या त्या गोल ठिपक्यात दिवा उगवला. मंद, करडा, पण चक्क दिवा. आतली तार दिसत होती.

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. आत्याने काच काढली, काळोख. घातली, दिवा. “अगंबाई,” ती म्हणाली, आणि पाच-सहा वेळा तेच करत राहिली. समोरच्या बाकावर चष्म्याची वाट बघत बसलेल्या शिंपीणकाकूही उठून आल्या आणि म्हणाल्या, “मला बघू द्या की हो.”

“असं कसं होईल?” बाबा अगदी हळू म्हणाले. कुणीतरी त्यांच्या दुकानातून भिंत उचलून नेली होती, असा त्यांचा चेहरा झाला होता.

भिंगरीला आता जोर चढला. “बाबा, काच म्हणजे चाळण असं समजता ना तुम्ही? मोठे दाणे अडतात, बारीक जातात, असं? तसं नसतं. काच विचारते. उजेडाचे बारीक बारीक दाणे असतात, त्यातल्या प्रत्येकाला पहिली काच विचारते, तू उभा का? जो हो म्हणेल तो पुढे. शेवटची काच विचारते, तू आडवा का? आलेले सगळे उभे, मग कोण हो म्हणणार? काळोख. पण मध्ये ही तिसरी उभी राहून भलताच प्रश्न विचारते, तू तिरका का? उभ्या दाण्याकडे याचं ठरलेलं उत्तरच नसतं! तिथल्या तिथे ठरतं. निम्मे हो, निम्मे नाही. आणि एकदा तिरका ठरला की आधीचं उभेपण पुसलं गेलं. मग शेवटच्या काचेने विचारलं, आडवा का, की परत निम्मे हो म्हणतात.”

बाबा काही बोलायच्या आत आत्या हसायला लागली. “मला कळलं. रोजचं आहे माझं. गिऱ्हाइकाला आधी जाड काच दाखवली की मधली त्याला बरी वाटते. आधी पातळ दाखवली की तीच मधली नको वाटते. डोळे तेच, काच तीच. आधी काय विचारलं त्यावर उत्तर.”

“अगदी तसंच नाही, पण साधारण तसंच!” भिंगरी म्हणाली.

“आम्हाला शाळेत उजेड म्हणजे लाट शिकवलं होतं,” बाबा हट्टाने म्हणाले. “काचेने लाट वळवली असेल. त्यात दाणे कशाला पाहिजेत?”

हा प्रश्न चांगला होता आणि भिंगरीला तो मुळीच आवडला नाही, कारण तिलाही वाचनालयातल्या पुस्तकात तो भेटला होता. “बरोबर आहे. एवढं लाटेनेही सांगता येतं. पण बाबा, मोठ्या प्रयोगशाळांमध्ये लोकांनी उजेड इतका मंद केला की एका वेळी एकच दाणा निघेल. लाट असती तर पलीकडे प्रत्येक वेळी थोडी थोडी पोहोचली असती. तसं होत नाही. पोहोचला तर अख्खा दाणा पोहोचतो, यंत्र टिक् करतं. नाहीतर काहीच नाही. हजारो वेळा मोजलं, आणि बेरीज मात्र आपल्या या तीन काचांसारखीच येते. कुठला दाणा जाणार ते कुणाला आधी सांगता येत नाही.”

“दाण्याला माहीत असेल,” आत्या म्हणाली. “उत्तर खिशात घालून आला असेल, आपल्याला दाखवत नसेल. लबाड असेल.”

“तेही तपासलंय! जोडीने जन्मलेले दोन दाणे लांब लांब पाठवायचे आणि दोघांना वेगवेगळे प्रश्न विचारायचे. उत्तरं घरूनच ठरवून निघाले असते, तर ती किती जुळतील याला एक हद्द असते. ती हद्द ओलांडून जुळली. म्हणजे खिशात उत्तरं नव्हतीच. दाणे कॉपी करत नाहीत, आत्या! कॉपी आमच्या वर्गातल्या मुली करतात!”

शिंपीणकाकू खळखळून हसल्या. बाबा हसले नाहीत. ते काउंटरवरच्या माफीपत्राकडे बघत होते, जिथे ‘खोटे’ या शब्दाच्या खाली त्यांची सही वाळली होती.

“सोमवारी हातात काचा धरून कसं दाखवशील?” ते शेवटी म्हणाले. “हात हलेल. मी बसवून देतो.”

*

रविवारभर बाबा मागच्या खोलीत होते. डोळे तपासताना नाकावर चढवतात ती ट्रायल फ्रेम, जिच्यात एकापुढे एक काचा बसवायला खाचा असतात आणि कडेने कोनाचे आकडे कोरलेले असतात, तशी एक जुनी फ्रेम त्यांनी काढली. भिंगरी दोनदा डोकावली. “जा तिकडे, सोमवारी बघ,” असं म्हणून त्यांनी दोन्हीदा तिला हाकललं. सोमवारी सकाळी त्यांनी तिच्या हातात चष्म्याची मोठी डबी दिली, वर दोरा बांधलेला. “शाळेतच उघड. धूळ बसेल.”

ते कुठलंच काम बांधल्याशिवाय बाहेर देत नसत. भिंगरीने डबी पोटाशी धरली आणि ती शाळेपर्यंत पळाली.

प्रयोगशाळेत बाई होत्याच. शेजारी मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची, कारण माफीपत्र त्यांच्या समोर घ्यायचा नियम होता. दाराच्या काचेला वर्गातल्या निम्म्या मुलींची नाकं चिकटलेली.

“पत्र?” मोठ्या बाई म्हणाल्या.

“आधी प्रयोग दाखवते.”

“दाखवू दे, बाई,” विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, “म्हणजे एकदाचा सोक्षमोक्ष लागेल.” दिवा दुरुस्त झाला होता. पडदे ओढले.

भिंगरीने दोरा सोडला. डबीत वर माफीपत्राचीच घडी होती. तिने ती बाजूला ठेवली आणि फ्रेम काढली. काय सुंदर काम होतं! तीन काचा तीन खाचांत, कडा घासून गुळगुळीत, एकही हलत नव्हती. तिने फ्रेम स्टँडवर चढवली, दिव्यासमोर धरली.

यंत्राने ८० दाखवले.

आता काळोख करून दाखवायचा होता! पहिली उभी, शेवटची आडवी, मधली तिने काढली की काळोख, घातली की उजेड, असं दाखवायचं होतं. तिने मधली काच ओढली. निघेना. सगळ्या काचा कडेने चिकटवलेल्या होत्या. तिने फ्रेम डोळ्यांपुढे धरली आणि तिला ब्रह्मांड आठवलं.

तिन्ही काचांच्या ॲक्सिसच्या, म्हणजे दिशेच्या, खुणा एका ओळीत होत्या. तिन्ही आडव्या. एक केसभरही इकडेतिकडे नाही.

बाबांनी सरळ केल्या होत्या. अर्थातच सरळ केल्या होत्या! पोलराइज्ड काच तिरकी बसली की गिऱ्हाईक चष्मा परत आणतं. वीस वर्षं ज्या माणसाने एकही काच वाकडी दिली नाही, त्याने मुलीची वाकडी काच बघितली आणि मायेने सरळ करून वर गोंद लावला. आणि तिने, तीन काचा दाखवताना, दाण्यांची एवढी रामकहाणी सांगितली, पण वाकडं धरणं हाच सगळा प्रयोग आहे, हे एवढंसं वाक्य सांगितलं नव्हतं.

“झालं?” बाई म्हणाल्या. “तीन काचांतून उजेड जातोय. खिडकीच्या काचेतूनही जातो. यात नवल काय?” त्यांनी टेबलावरची घडी उघडली. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या. “अरे वा. वडिलांनी सही केलीय आणि खाली लिहिलंय,” त्यांनी मोठ्याने वाचलं, “‘वरील सही मी न बघता केली होती. ती परत घेतो. नंतर मी स्वतः डोळ्यांनी पाहिले. मुलगी खरे लिहिते.’” त्या किंचित हसल्या. “चष्मेवाल्यांनाच चष्मा लागलेला दिसतोय.”

दाराबाहेर हशा पिकला.

भिंगरी तोपर्यंत रडायच्या बेतात होती. पण तो हशा कानात शिरला आणि पाणी जागच्या जागी वाळलं. तिला काय म्हणायचं ते म्हणा! पण जो माणूस स्वतःच्या सहीखाली ‘परत घेतो’ असं लिहितो, त्याला हसायचं? बाईंनी आयुष्यात एक तरी सही परत घेतली होती का?

“पेटी द्या, बाई.”

“कसली?”

“चकत्यांची. तुमची पेटी. आठ वर्षं दोनच असलेली.”

“आवाज खाली.”

“करते खाली. पेटी द्या.”

मोठ्या बाईंनी मान हलवली. पेटी आली. भिंगरीने शाळेची एक चकती उभी लावली, दुसरी आडवी. यंत्रावर २.

“इथपर्यंत सगळ्यांना मान्य?”

तिने बाबांची फ्रेम उचलली. तिन्ही काचा एका दिशेने, गोंदाने घट्ट. म्हणजे तिन्ही मिळून एकच प्रश्न विचारणार! त्या तीन म्हणजे एकच काच, जरा जाडजूड. बाबांनी तिला मोडकं नव्हे, तिप्पट पक्कं काम दिलं होतं. तिने फ्रेम दोन चकत्यांच्या मध्ये धरली, सरळ. २. अजून थोडं कमीच. मग तिने बाबांचं ते नेटकं, काटेकोर, एका ओळीतलं काम अख्खंच्या अख्खं तिरकं केलं.

१९.

दाराबाहेरची नाकं काचेवर आणखी दाबली गेली.

“काढ,” मोठ्या बाई म्हणाल्या. २. “घाल.” १९. त्या पुढे आल्या, चकत्यांतून स्वतः बघितलं, मग फ्रेम स्वतःच्या हातात घेतली आणि सावकाश फिरवली. सरळ, काळोख. तिरकी, उजेड. “एका काचेने नव्हे, तीन काचा वाढवून उजेड वाढतोय,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “पण हिच्या वहीत ३८ आहेत.”

“तेव्हा एकच काच होती. या तीन आहेत, तीन काचा थोडा थोडा उजेड खातात. बाबा म्हणतात ते तेवढं खरं आहे.”

मोठ्या बाईंनी टेबलावरच्या गठ्ठ्यातली एक वही उघडली. दुसरी. तिसरी. “यंत्र दोन दाखवतंय. या सगळ्यांत शून्य कसं?”

भिंगरी गप्प राहिली. चुगली तिच्या रक्तात नव्हती. पण तोंड उघडलं ते बाईंनीच, आणि काय उघडलं!

“कसं म्हणजे? दिवाच गेला होता! बुधवारी वीस मुली काळोखात बसल्या होत्या. मी तीन वेळा अर्ज दिला दिव्यासाठी, बाई, तीन वेळा, तुमच्याच टेबलावर. चाळीस मुली, एक दिवा, दोन चकत्या, आणि तारखेला गुण भरले नाहीत तर मलाच पत्र येतं. मीच म्हटलं त्यांना, मागच्या वर्षीचं बघून लिहा. नाहीतर काय करणार होते मी?” त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. “आठ वर्षं तेच आकडे तपासतेय. ओळखीचा आकडा दिसला की बरोबर लिहायचं. हिचा ओळखीचा नव्हता.”

भिंगरीला पहिल्यांदाच बाईंचा राग आपल्या जातीचा वाटला. पण म्हणून तिचा स्वतःचा विझला नाही. बाईंवर अन्याय झाला असेल. तो त्यांनी तिच्या अकराव्या पानावर कशाला काढायचा?

मोठ्या बाईंनी वह्या मिटल्या. दिव्याच्या अर्जांच्या उल्लेखाने त्यांची मान थोडी खाली गेली होती. “पुढच्या आठवड्यात सगळ्या मुली प्रयोग पुन्हा करतील,” त्या म्हणाल्या. “खऱ्या दिव्याने.” दाराबाहेरून एकोणचाळीस जणींच्या वतीने कण्हल्याचा आवाज आला. “आणि हिचं पान दुरुस्त करा.”

बाईंनी वही ओढली आणि पेन्सिल उचलली.

“पेन्सिल नको, बाई.” भिंगरीने टेबलावरचं लाल पेन पुढे केलं. “लिहिलंत तेव्हा लालच होतं.”

बाईंनी तिच्याकडे बघितलं. वाटलं, आता भडकणार. पण त्यांनी पेन घेतलं, ‘खोटे’ या शब्दावर रेघ मारली आणि खाली लिहिलं: ‘निरीक्षण मी पाहिले. खरे आहे.’ तारीख घातली. सही केली. मग थोडं थांबून, वही तशीच हाताखाली ठेवून, म्हणाल्या, “ते खाली तू दाण्यांचं काय लिहिलंयस, ते मला अजून पटलेलं नाही. लाटेनेही होईल हे.”

“होईल,” भिंगरी म्हणाली. “म्हणून तर त्यांनी एकेक दाणा सोडून बघितला. पुस्तक आणून देते.”

“आण.” बाईंनी चकत्या पेटीत ठेवल्या आणि फ्रेम तिला परत दिली. पेटीच्या झाकणाच्या आत एक पिवळट कागद चिकटवलेला होता: ‘चकत्या: २’. त्यावर त्यांनी बोट ठेवलं. “आणि या फ्रेममधल्यासारखी एक काच सुटी मिळेल का? पुढच्या आठवड्यात चाळीस जणींना लागेल.”

*

दुपारी बाबा मागच्या चाकावर बसले होते. भिंगरी आत शिरली, फ्रेम त्यांच्या मांडीवर टाकली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“सरळ करायला कुणी सांगितलं होतं?”

“वाकड्या होत्या त्या.”

“वाकड्याच असायला हव्यात! नाक कापलं गेलं असतं माझं! आणि तुमचंही! हसले लोक तुमच्या चिठ्ठीला!”

बाबांनी चाक थांबवलं. “माझ्या दुकानातून वाकडी काच बाहेर जात नाही,” ते म्हणाले, आणि मग, जरा घाबरत, “मग? काय झालं?”

तिने अकरावं पान त्यांच्या नाकापुढे धरलं. बाबांनी ते दोनदा वाचलं. बाईंच्या सहीवरून अंगठा फिरवला. हाक मारून आत्याला बोलावलं आणि तिलाही वाचायला लावलं, मोठ्याने.

“बघ बरं,” आत्या भिंगरीला म्हणाली, “ही बरी की आधीची?”

“अजून एक काच हवीय. शाळेच्या पेटीत कायमची ठेवायला. चांगली द्या, रद्दीतली नको.”

बाबा उठले, कपाटातल्या नव्या काचांतली एक काढली, उजेडात धरून तपासली, बोटाने ॲक्सिसची खूण शोधली. मग थांबले. चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

“खूण सरळ करून देऊ, की तिरकी?”

“सरळच द्या, बाबा,” भिंगरी म्हणाली. “तिरकी आम्ही धरू.”